दोन वितींचा चौकोन

मला वाकडी शिवण दिसली की डोकं फिरतं. कारखान्याला जाताना बसमध्ये पुढच्या बाईच्या ब्लाउजची बाही एका बाजूला ओढलेली असली तर पिरंगुट येईपर्यंत माझी नजर तिथून हलत नाही. सतरा वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतेय, त्याचा हा परिणाम. शिवण दोन मिलिमीटर सरकली तर कव्हर फोमवर नीट बसत नाही, आणि बसलं नाही की लाल स्टिकर लावून परत येतं. कुणाचं परत आलं ते सगळ्या लाइनला कळतं. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. पुढे माझी कव्हरं परत यायची थांबली आणि मी दुसऱ्यांच्या चुका शोधायला लागले. घरच्यांच्या मते तेव्हापासून माझा स्वभाव बिघडला.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे घडलं ते या स्वभावापायीच घडलं.

माझ्या थोरल्या जावेला मी आक्का म्हणते. आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सुई कशी धरायची हेसुद्धा येत नव्हतं, आणि आक्काकडून गोधडी शिवून घ्यायला वरच्या वाडीपासून खाली रस्त्यापर्यंतच्या बाया येऊन बसायच्या. तिला खडूची रेघ लागायची नाही. नुसत्या नजरेनं तुकड्याला तुकडा जोडत जायची आणि शेवटी कोपऱ्याला कोपरा मिळायचा. मला पहिला टाका तिनं शिकवला. मशीन मी पुढे पौडला जाऊन शिकले आणि कारखान्यात लागले.

मग काही वर्षांनी आक्कालाही मीच लावलं. माझ्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत प्रेसचं काम चालतं. पत्रा मशीनखाली ठेवायचा, वरून प्रेस येते, पत्र्याला आकार येतो. तिथे बायका घेत होते. आक्कानं अडीच वर्षं काम केलं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पळत येऊन मला सांगितलं की तुझ्या जावेचा हात सापडला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

दवाखान्यात तिच्या उशाशी बसून मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की हिला मी आणलं. घरात कुणी तसं बोलून दाखवलं नाही. दीर बोलले नाहीत, सासूबाई बोलल्या नाहीत, आक्का तर नाहीच नाही. कुणीतरी एकदा कडाकडा भांडलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर आक्का घरात बसली ती बसलीच. दीड वर्ष ती ना कुणाच्या हळदीकुंकवाला गेली, ना कुणाच्या लग्नाला. घरच्या कामाला कुठे अडत नव्हती. भाकरी थापायची, कपडे धुवायची. पण बाहेरचं माणूस दारात आलं की उजवा हात पदराखाली जायचा. सुया-दोऱ्यांचा डबा तिनं लेकीला देऊन टाकला. आम्ही सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की तिला आता गोधडी शिवता येत नाही, याचंच तिला दुःख आहे. तिला विचारलं मात्र कुणी नाही.

मग तिच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडे सासरी जाणाऱ्या पोरीबरोबर माहेरची गोधडी जाते आणि ती आईनं शिवलेली असते. एका संध्याकाळी पोरगी माझ्याकडे आली.

“काकी, मला दुकानातलं ब्लँकेट न्यायचं न्हाई. पन आयला सांगू कसं?”

मी एका दमात सगळं ठरवून मोकळी झाले. पाच बाया, प्रत्येकीचे चार चौकोन, असे वीस. प्रत्येकीनं आपल्या घरातल्या जुन्या लुगड्या-सदऱ्यांचे तुकडे जोडून चौकोन करायचे, मी ते मशीनवर एकमेकांना जोडीन, म्हणजे वरचा पदर तयार. पाचातली एक आक्का. तिच्या पुढ्यात कापड ठेवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “ठेव तितं.” मला तेवढं पुष्कळ झालं. चार चौकोनांच्या निमित्तानं ती बायांत येऊन बसली तर माझ्या छातीवरचं ओझं थोडं उतरेल, असा माझा हिशेब होता.

आता माप. घराघरात टेप कुठून असणार, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, दोन वीत लांब आणि दोन वीत रुंद. दोन मिलिमीटरसाठी जीव खाणारी बाई मी, आणि माप दिलं वितीचं! पण आमच्या इथे बाया सगळं वितीनंच मोजतात. पोराचं झबलं असो, चुलीचं तोंड असो, अंगठा ते करंगळी हात ताणायचा आणि मोजायचं. ती वीत सगळ्यांची सारखीच असेल असं मला का वाटलं, देव जाणे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळ्या माझ्या पडवीत जमल्या. आक्कासुद्धा आली. खांबाला टेकून, हात पदराखाली घेऊन बसली. सगळ्यांनी आपापले चौकोन आधीच माझ्या टोपल्यात आणून टाकले होते, त्यामुळे कुठले कुणाचे ते मला ठाऊक नव्हतं. मी सतरंजी अंथरली आणि एकेक मांडायला लागले.

मांडता मांडताच माझं डोकं फिरायला लागलं. एकाला एक मिळेल तर शपथ. मी टेप काढला. हा साडेसतरा इंच, हा अठरा, हा अठराला थोडा कमी. एक तर पुरता एकोणीस भरला.

“हा कुणाचा?”

“माजा,” शेजारची आत्या म्हणाली. सत्तरीची बाई, हात मात्र अजून कुळवाच्या दांड्यासारखे.

“आत्या, वीत मोजली का टांग टाकली?”

बाया खो खो हसल्या. मला ते हसू आवडलं. माणसाला हसू मिळालं की ते आणखी मागतं. मी लाइनवरच्या सुपरवायझरसारखी एकेक चौकोन वर धरून दाखवायला लागले. तेवढ्यात चार लहान चौकोन हाताला लागले. चारही साडेपंधरा. चारही बरोबर चौरस, कोपरे काटकोनात, एकाचा दुसऱ्याशी दोऱ्याचाही फरक नाही. ते एवढे नेमके होते की तिथेच मला कळायला हवं होतं.

“आणि ही एवढीशी वीत कुणाची? बालवाडीच्या पोरीनं मोजलंय का काय?” मी म्हटलं. “हे चार रिजेक्ट!”

कुणीच हसलं नाही.

आक्का खांबाचा आधार घेऊन उठली. “माजी हायेत,” म्हणाली आणि गेली. रागानं गेली असती तर मी पाठोपाठ धावले असते. ती अगदी नेहमीसारखी चालत गेली, आणि तिनं दारही सावकाश लावलं.

“तोंड हाय का काय हाय तुजं?” आत्या म्हणाली. बाकीच्या बाया आपापले पदर सावरत उठल्या. दहा मिनिटांत पडवी रिकामी झाली.

मी एकटीच त्या चौकोनांसमोर बसून राहिले. मग उजवा हात कापडावर ठेवला, शेवटची दोन बोटं मिटली आणि अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मोजलं. पावणेआठ. दुप्पट केलं. साडेपंधरा. मला माझीच इतकी चीड आली की टेप मी अंगणात भिरकावला.

दुपारी तो परत शोधून आणला, कारण काहीतरी करणं भाग होतं. तुकडे लहानमोठे असले तर एक सोपी वाट असते. सगळ्यांत लहान तुकडा माप धरायचा आणि बाकीचे त्याच्याइतके कापून घ्यायचे. मी आक्काचा चौकोन माप धरला. सगळे तिच्या वितीचे करायचे. हा विचार सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं. सकाळी लोकांसमोर तिला कमी ठरवलं होतं, आता सगळ्यांना तिच्या मापात बसवीन, असं काहीतरी मनात होतं. आत्याचे तीन चौकोन कापून झाले आणि चौथा हातात घेतला, तेवढ्यात दारात आक्का उभी. तिची पोरगी मघाशी डोकावून गेली होती, तिनंच जाऊन सांगितलं असणार.

“काय चाललंय?”

“सगळे तुमच्या मापाचे करतेय,” मी म्हटलं. “तुमचेच बरोबर आहेत, आक्का. चारही एकसारखे. बाकीच्यांनीच...”

“ग्वाड बोलू नको. तुला जमत न्हाई.”

ती खाली बसली. पडवीत आम्ही दोघी आणि मागे तिची लेक. आक्कानं आत्याच्या चौकोनाची कापलेली पट्टी उचलली.

“माजं कमी पडलंय तर कमी पडलंय म्हन. सकाळी म्हनलीस तसं. त्ये बरं हुतं. पन माज्यापायी आत्याचं चांगलं लुगडं कशाला कापतीस? तिनं किती हौसेनं आनलं आसंल.”

मी कात्री खाली ठेवली.

मग ती आपणहून बोलली. माझ्याकडे न बघता, कापडाकडे बघत. “मी हात ठिवला. आंगठा हितं, करंगळी तितं. करंगळी कापडाला लागली बग मला. खरंच लागली. मग तितं खूण क्येली. चारी डावाला लागली. तू सकाळी बोललीस तवा कळलं मला, न्हाईतर कळलंच नसतं.”

मागे पोरगी मुसमुसायला लागली. आक्कानं तिच्यावर डोळे वटारले आणि मला म्हणाली, “चल, मशीन काढ. रडून गोदडी हुत न्हाई.”

कामाला लागल्यावर आमचं पहिलं भांडण जोडायचं कसं यावरून झालं. माझी पद्धत कारखान्याची. आधी सगळं जमिनीवर मांडून बघायचं, मागे खडूनं आकडे टाकायचे, दोन-दोन चौकोन जोडून रांग करायची, आणि शेवटी रांगेला रांग. पहिल्या रांगेच्या शिवणी मागच्या बाजूला सगळ्या डावीकडे दाबायच्या, दुसऱ्या रांगेच्या उजवीकडे. मग दोन रांगा एकमेकींवर ठेवल्या की शिवणीला शिवण अडते, चार कोपरे एका जागी येतात आणि कापडाचा गठ्ठाही होत नाही. आक्काची पद्धत निराळी. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि वळत वळत मध्याकडे यायचं. लांबलेलं तिथल्या तिथे मुरवायचं, कमी पडलेल्याला तिथल्या तिथे पट्टी लावायची.

“तुज्यासारकं आदी सगळं ठरवून ठिवलं की मग येक चुकलं की समदंच चुकतं,” ती म्हणाली.

“आणि तुमच्यासारखं केलं तर मशीनवर एवढं धूड फिरवायचं कसं?”

हे तिला पटलं. रांगा माझ्या, पट्ट्या तिच्या, असा तह झाला.

साडेसतरा इंच माप धरलं. आक्काच्या चौकोनांना चारही बाजूंनी पट्टी लावून वाढवायचं. मी कापून ठेवलेल्या आत्याच्या तीन चौकोनांनाही तसंच. जे थोडे मोठे होते त्यांना कात्री लावायची नाही. मोठं कापड खाली आणि लहान वर ठेवलं की मशीनचे दात खालचं जरा जास्त ओढून घेतात, वाढीव अर्धा इंच त्यातच मुरतो; आत्याच्या न कापलेल्या चौथ्याचं जास्तीचं कापड तेवढं शिवणीच्या आत दाबायचं. हे मला लाइनवर शिकायला दोन वर्षं लागली होती. आक्काला हातशिलाईत ते आधीपासून येत होतं. बोटानं खालचं कापड ढकलत जायचं, एवढंच ती म्हणाली.

आक्काचे पट्टी लागणारे चौकोन मी चार कोपऱ्यांत मांडले होते, दिसायला छान दिसत होते. आक्कानं ते उचलून मधल्या रांगांत टाकले. “गोदडी कोपऱ्याला धरून वढत्यात. ज्याला जोड जास्ती, त्ये कोपऱ्याला टिकंल व्हय?” मी सीटची कव्हरं शिवते, ती कुणी कोपऱ्याला धरून ओढत नाही.

मी शिवत होते आणि ती पलीकडून जोड धरून कापड पुढे सरकवत होती. डाव्या हातानं दाबून, उजव्या हाताच्या तीन बोटांनी. पदर कधीच खांद्यावर गेला होता. मी बघत नाही असं दाखवत होते आणि बघत होते.

“बग की,” ती म्हणाली. “पन शिवन बगून मग बग, वाकडी जाईल.”

पट्ट्या संपत आल्या. आत्याचे तीन आणि आक्काचे दोन झाले होते, दोन उरले होते. जाड, धड असं कापड हवं होतं. पोरगी पळत घरी गेली आणि आक्काच्या पेटीतून निळा कोट घेऊन आली. प्रेसच्या कंपनीचा कामाचा कोट. धुऊन, घडी घालून ठेवलेला, घडीवर घडी अशी की कधी विस्कटलाच नसावा.

“आय, ह्येच्या पट्ट्या चांगल्या निघतील.”

“त्याला हात लावू नको!” आक्का इतक्या जोरात ओरडली की माझा पाय मशीनवरून सुटला. “ठिवून ये जा. त्यो मला लागनार हाय.”

पोरगी गेली. मग मला राहवलं नाही. इतके दिवस जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते बाहेर पडलं. “आक्का, मी तुम्हाला तिथे लावलंच नसतं तर...”

“तू लावलंस?” ती खरोखरच चकित झाली. “आगं, आठ म्हयने मी तुज्या मागं लागले हुते. इसरलीस व्हय? रोज सांजच्याला तुजी वाट बगत बसायची मी, की आज काय इचारलं का म्हनून.”

ते खरं होतं. मी विसरले होते. दोष आपल्याकडे घेण्याच्या नादात ती कशी भुणभुण लावायची ते मी साफ विसरले होते.

“मला गोदड्यांचा लई कटाळा आलता,” ती म्हणाली. हे ऐकून मी हातातलं कापड खाली ठेवलं. “आयनं शिकवलं म्हनून शिवायची. समद्या म्हनायच्या, आक्काच्या हाताला गुन हाय. गुन हाय म्हनून जलमभर दुसऱ्याच्या पोरांच्या गोदड्या शिवायच्या. कुनी इचारलं का, बाई, तुला आवडतं का म्हनून? सकाळी डबा घिऊन भायेर पडायचं, गेटवर माजा फोटू लावल्यालं कार्ड दावायचं. प्रेस खाली आली की पायाखालची जिमीन हलायची. मला ग्वाड लागायचं त्ये. शिफ्ट सपली की सपली. मी दीड वरीस घरात बसलीया, ती काय सुईसाठी न्हाई.”

दीड वर्ष आम्ही तिच्या हातात सुई देण्याचे बेत करत होतो. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी रडलेच.

“माझ्या कारखान्यात विचारू का?” मी नाक पुसत म्हटलं.

“तुज्याकडं परत शिवनच की! न्हाई. माज्याच कंपनीत.”

“त्याच मशीनवर?”

“कुटलंबी काम देऊ द्यात. प्याकिंगला उबं करू द्यात.”

“मी जाऊन विचारते, आक्का.”

“तू इचारू नको. तू तितं जाऊन रडशील. मला निस्ती घिऊन चल, माजं मी इचारंन.”

उरलेल्या दोन चौकोनांना शेवटी माझ्या परकराच्या पट्ट्या लागल्या. संध्याकाळपर्यंत वरचा पदर पुरा झाला. पाच रांगा, वीस चौकोन, आणि कोपऱ्याला कोपरा मिळालेला. एका ठिकाणी माझी शिवण दोन मिलिमीटर सरकली आहे. आक्कानं ती बघितली आणि घडी घालायला घेतली. पुढचा आठवडाभर बाया येऊन खालच्या लुगड्यांसकट त्याला टाके घालत होत्या. आक्का त्यांच्यात बसायची, चहा करायची, गप्पा मारायची, आणि एकही टाका घालायची नाही. आता कुणी तिला आग्रहही करत नव्हतं. लग्न झालं, गोधडी पोरीबरोबर गेली.

पुढच्या सोमवारी मी अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही दोघी बसने पिरंगुटला उतरलो. आक्कानं साडीवर निळा कोट चढवला होता. मला भीती वाटत होती. गेटवरच परत पाठवतील, आणि मग ही पुन्हा घरात बसेल ती कायमची, या भीतीनं मला रात्री जेवण गेलं नव्हतं. गेटवरच्यानं ओळखलं, आत सोडलं. ऑफिसात नवीन साहेब होते, तरुण, हिंदी-मराठी मिसळून बोलणारे. त्यांनी आक्काचं जुनं कार्ड बघितलं, फाइल मागवून घेतली, ती वाचली. मग तिच्या हाताकडे बघितलं. तो तिनं टेबलावरच ठेवला होता. साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

“मावशी, लेकिन दोन बोटं नाहीयेत तुमची. कसं जमणार?”

मी बोलायला तोंड उघडलं. आक्कानं मागे वळूनही बघितलं नाही, नुसता डावा हात मागे करून मला थांबवलं.

“दोन न्हाईत,” ती म्हणाली. “आठ हायेत. काम दावा.”